दवाचं विरजण

हिदिरेल्लेझ या वसंताच्या सणाच्या पहाटे गुलिझारनं गवतावरचं दव फडक्यानं टिपलं, कोमट दुधात पिळलं आणि पातेलं घोंगडीत गुंडाळून ठेवलं. विरजण घातलं नाही. मे महिन्यातल्या त्या एकाच दिवशी असं करायचं, आणि नुसत्या दवावर दही लागलं तर घरावरून हिजिर पीर गेला, घराला बरकत देऊन गेला असं समजायचं. बहुतेकांचं लागत नाही. मग बायका गुपचूप कालच्या दह्याचा चमचा घालतात आणि दुपारी गावभर मिरवतात. गुलिझारनंही एकोणीस वर्षं तेच केलं होतं.

या वर्षी तिनं चमचा घातला नाही, तरी दही लागलं. सुरी उभी राहावी असं घट्ट.

ती तिथेच जमिनीवर बसून रडली, कारण या वर्षी तिनं हिजिरकडे मागणं घातलं होतं. तिची एकुलती एक लेक फेरिदे चोवीस वर्षांची होती, हसरी आणि चांगलीच लठ्ठ. साखरपुड्याच्या दिवशी होणारी सासू मुकद्देर चारचौघांत म्हणाली होती, "पोरगी सोन्यासारखी आहे हो, पण सोन्याच्या भावानं तोलायची म्हटली तर आमचं दिवाळं निघेल!" सगळे हसले. फेरिदेही हसली, आणि मग दोन दिवस जेवली नाही. लग्न ऑक्टोबरात, सफरचंदं उतरवून झाल्यावर ठरलं होतं. तोवर पोर बारीक व्हावी, एवढंच ते मागणं होतं.

"दह्यानं चरबी झडते," गुलिझार म्हणाली. "माझी आजी नव्वद वर्षं दह्यावर जगली, काठीसारखी होती. आणि हे तर दवाचं दही. तीन वेळा तीन वाडगी खायची, दुसरं काही नाही."

"दुसरं काहीच नाही?"

"अशक्तपणा येऊ नये म्हणून वर चमचाभर द्राक्षाची काकवी घालते. आई आहे मी, वैरीण नाही."

जूनपर्यंत काही फरक दिसला नाही. जुलैत मात्र फेरिदे उतरू लागली, आणि उतरली ती अशी भराभर की गावाच्या तोंडाला विषय मिळाला. गाल बसले, बांगडी कोपरापर्यंत चढू लागली. मग बायका येऊ लागल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची रीत त्या मुलखातही आहे: कुणी सुई मागायला येई, कुणी तब्येत विचारायला, आणि जाताना ओढणीखालून वाडगं निघे. "ताई, तेवढं चमचाभर विरजण दे की." विरजणाला नाही म्हणू नये, नाही म्हटलं की घरचं दूध आटतं. गुलिझारनं तीस घरांना दिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दारात रांग लागली होती आणि तिला ती आवडत होती. खोटं कशाला बोला.

फेरिदेला तहान लागे. ती सुरईच्या सुरई पाणी पिई, वर खारं ताक पिई, आणि सारखी अंगणातल्या संडासाकडे धावे. तिथे मुंग्यांची रांग लागली, ती गुलिझारनं चुन्याची पूड टाकून मोडली.

"आई, मला धूसर दिसतंय," ऑगस्टात फेरिदे म्हणाली. "पायांत जीव नाही. एकदा तालुक्याला दवाखान्यात जाऊन येऊ या का?"

"काय सांगणार डॉक्टरला? बारीक होतेय म्हणून?"

"तसं नाही गं…"

"हे बघ, हिजिरचं देणं चाललंय. त्यात शंका काढली की ते उठून जातं. आणि मुकद्देरला कळलं पोरगी दवाखान्याच्या पायऱ्या चढते, तर ती काय म्हणेल? दोन महिने कळ काढ, राणी."

फेरिदेनं कळ काढली. पोर गुणी होती, हाच तिचा दोष.

मुकद्देर लग्नाचा झगा घेऊन आली. तो आधीच एकदा आत घेतला होता, आता पुन्हा टाचण्या लावाव्या लागल्या. "माशाल्ला! कंबर आहे की वेताची काठी!" ती म्हणाली आणि जाताना तिनंही वाडगं पुढे केलं. फेरिदे भिंतीला धरून उभी होती.

सप्टेंबरच्या एका सकाळी गुलिझार तिला उठवायला गेली तर खोलीभर पिकल्या सफरचंदांचा वास. सफरचंदं अजून झाडावरच होती. तिनं खाटेखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, आणि मग वाकून पाहिलं तर वास फेरिदेच्या तोंडाला होता. ती जोरजोरात श्वास घेत होती आणि हाकेला ओ देत नव्हती.

तालुक्याच्या डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. "रक्तात साखर होती, बाई. कित्येक महिन्यांची. शरीर स्वतःलाच खात होतं, म्हणून बारीक झाली. आधी आणली असतीत तर इन्सुलिनच्या सुयांवर म्हातारी झाली असती."

"आणि काकवी?" गुलिझारनं विचारलं.

डॉक्टरनं कागदावर सही केली आणि तो तिच्यापुढे सरकवला.

दफनाच्या तिसऱ्या दिवशी शेजारची दोने आली. झगा अजून भिंतीवर टाचण्यांसकट लटकत होता. घेऊन गेलेलं भांडं तिकडे रिकामं परत करत नाहीत, म्हणून दोनेच्या हातातलं वाडगं दह्यानं भरलेलं होतं.

"तुझंच भांडं, ताई, मागे माझ्याकडे राहिलेलं. आणि तुझंच विरजण. तीन दिवस पोटात काही नाही तुझ्या, दोन घास खा."

गुलिझारनं तिचं मनगट धरलं. "दोने, तुला तहान लागते का गं? फार?"

"नाही गं."

"सारखं संडासाला जावं लागतं?"

"नाही, ताई. मी आपली दही खाते आणि पाव सोडलाय. चार किलो…" दोनेनं जीभ चावली. मग हळूच म्हणाली, "जे झालं ते झालं. पण उतरली तर होतीच ना पोर दह्यानं. सगळं गाव म्हणतंय, शेवटी किती सुरेख दिसत होती."

"दह्यानं नाही! आजारानं. ती जाऊ या म्हणत होती, मी नेलं नाही तिला."

"असं बोलू नये. खा."

गुलिझारनं चमचा तोंडात घातला. दही आंबट नव्हतं, पाणी सुटलं नव्हतं, वर जाड साय होती. तिनं दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. त्यात काहीतरी खोट असायलाच हवी होती. ती सापडावी म्हणून ती वाडगं रिकामं होईपर्यंत खात राहिली, आणि दही शेवटपर्यंत चांगलंच लागलं.