उल्केला पंचामृत

आवडाबाईच्या घरावर गावानं बोट ठेवलं ते आमच्या नौपाड्यातल्या घरच्या पंचामृतामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरी कुठलीही गोष्ट मुद्द्यावर यायला दोनदा चहा करावा लागतो.

आवडाबाई कोपरच्या खाडीकाठची कोळीण. वर्षानुवर्षं आमच्याकडे मासळी घेऊन यायची. शहाण्णवच्या ऑगस्टात बातमी आली की मंगळावरून आलेल्या एका दगडात प्राचीन जिवाणूंच्या खुणा असाव्यात, असं नासाचे शास्त्रज्ञ म्हणताहेत. माझा नवरा आनंद भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. त्यानं दारात उभं राहून ती बातमी तिलाही समजावून सांगितली. ऐकणारं कुणी भेटलं की तो सोडत नाही.

आवडाबाई पापलेट उलटंपालटं करत म्हणाली, "आभालातला दगर आमचे घरान पन हाय."

पाच वर्षांपूर्वी भर दुपारी तो जाळी वाळवायच्या जागेवर पडला होता. तिच्या नवऱ्यानं, धाकूनं, तो उचलून आणला. याची पूजा करायची का, असा गावानं देवीला कौल लावला आणि कौल डावा आला. पुजायचा नाही, टाकायचा नाही, मागायला येईल त्याला द्यायचा, असा पाटलांनी त्याचा अर्थ लावला. तेव्हापासून दगड कोऱ्या मडक्यात घालून आढ्याला टांगलेला. कुंकवाचं बोट नाही की पाण्याचा थेंब नाही. शेजार होता तो फक्त सुक्या बोंबलांचा.

"कौल मोरला त दर्यान कोन जाल, सायेब?" ती म्हणाली.

आनंदला झोप येईना. उल्का सापडते तेव्हा इथली माती, पाणी, माणसांचे हात लागून ती बाटलेली असते. मग आत जिवाणू दिसले तरी ते तिकडचे की इथले हे कळणार कसं? आणि ही तर पडली त्याच दिवशी मडक्यात गेली, पुढे पाच वर्षं कुणी शिवलेलीच नव्हती. तो रबरी हातमोजे घालून कोपरला गेला. धाकूनं चहा पाजून दगड फुकट दिला.

नेमके गणपती आले. कॉलेज बंद, म्हणून दगड चंदेरी कागदात गुंडाळून आमच्या कपाटावर विसावला. आम्ही सीकेपी. सोड्यांची खिचडी म्हटली की आमच्या घरी भांडणं मिटतात. पण घरात गणपती असताना कपाटावरून बोंबलाचा वास येतो म्हटल्यावर माझ्या सासूबाई, सुमतीबाई, अस्वस्थ झाल्या. कुणाला न सांगता त्यांनी दगड कागदातून काढला, उरलेल्या पंचामृतानं चोळून धुतला, वर पाणी घातलं, जुन्या मऊ लुगड्यानं पुसला आणि होता तसा गुंडाळून ठेवला. जिच्या हातची मासळी आम्ही वर्षभर मिटक्या मारत खाल्ली, तिच्या घरचा दगड मात्र शुद्ध करून घ्यावा लागला.

पुढे मुंबईच्या एका प्रयोगशाळेत दगडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि त्यात बारीक काड्यांसारखे आकार दिसले. आनंद हवेत. आळीभर पेढे वाटून झाले. मग मुंबईहून फोन आला की आकार जिवाणूंचेच आहेत, पण ते दह्यातले आहेत आणि सोबत दुधातली साखरही आहे.

"कुणीतरी याला दूध-दही लावलंय," आनंद जेवताना म्हणाला.

"मीच लावलं," सासूबाई भात वाढत म्हणाल्या. "नुसत्या पाण्यानं जातं होय ते?"

आनंदनं मान खाली घालून जेवण संपवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं अहवाल लिहिला की, दगड सापडलेल्या कोळी कुटुंबानं रूढीप्रमाणे त्याची पूजा केल्यामुळे नमुना दूषित झाला.

मी खूप भांडले. "मग काय आईचं नाव घालू?" तो म्हणाला. "प्राध्यापकाच्याच घरात असं झालं म्हणून लोक हसतील मला. त्यांचं काय बिघडतंय, नीला? पूजा तर ते लोक करतातच."

बिघडलं ते असं. एका स्थानिक साप्ताहिकानं अहवाल नावागावासकट छापला. त्या हंगामात गावाच्या होड्या रिकाम्या परतत होत्या, त्याचं कारण लोकांना आयतं सापडलं. धाकूनं देवीचा कौल मोडला म्हणून त्याला पालखीला खांदा देऊ दिला नाही.

आवडाबाई आली ती टोपली न घेता. "सायेब, येकदा देवीम्होरं येवून सांगा, आमी नाय पुजला. बाकी कई नको."

आनंदनं चष्मा पुसला. "आवडाबाई, मी विज्ञानाचा माणूस आहे. कौलबिल मी मानत नाही. देवळात उभं राहून साक्ष देणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

"तुमी नका मानू," ती म्हणाली. "आमी मानताव ना."

तो आत निघून गेला. मला त्या माणसाची इतकी शिसारी कधी आली नव्हती. चपला घातल्या आणि आवडाबाईबरोबर मीच कोपरला गेले.

देवळापुढे माणसं जमली. गुणाजी पाटलांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पंचामृत कुणी लावलं, कुठे लावलं, का लावलं आणि माझ्या नवऱ्यानं काय लिहिलं. काही म्हणजे काही लपवलं नाही.

पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मुलीची समजूत काढावी तसे म्हणाले, "बाय, तू धाकूचे आवडीसाठी इतक्या लांब आलीस, तुजा मन मोठा हाय. पन येवरा शिकलेला मानूस कागदावर खोटा कशाला लिवल?"

माणसांनी माना हलवल्या. मागे उभ्या असलेल्या धाकूनंही हलवली. मग तो बायकोकडे वळला आणि सगळ्यांदेखत हळूच म्हणाला, "आवडे, खरा सांग. मी दर्यान गेल्यावर तू त नाय ना पुजलास?"