न उघडणारा विषाणू

संशोधक बाईंच्या दादाच्या पायाची जखम वर्षभर चिघळत होती, आणि दादा काही औषधापाशी यायला तयार नव्हता. औषध म्हणजे एक विषाणूच, पण माणसाच्या वाटेला न जाता जखमेतल्या जिवाणूंचा फडशा पाडणारा. बाईंच्या संस्थेच्या दवाखान्यात तो फ्रीजमधून काढून थेट जखमेवर सोडत. दादाचं गाव लांब आणि तापलेलं. बर्फात ठेवून पाठवला तरी तिथं पोचेपर्यंत विषाणूचं कवच फुटून जायचं. आणि आईच्या आजारपणातल्या भांडणात दादा बोलून बसला होता, तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. पुढेमागे तोच पाय कापायची पाळी येणार होती, तरी माणूस शब्दाचा पक्का.

हट्टी माणसाची समजूत घालण्यापेक्षा विषाणू सुधारणं सोपं, असं बाईंनी ठरवलं. शिकलेल्या माणसांना असलं काहीबाही सुचतं.

पद्धत सरळ होती. विषाणू गरम पाण्यात ठेवायचे, टिकतील त्यांची पिलावळ वाढवायची, पुढच्या खेपेला पाणी आणखी तापवायचं. फक्त घाई होती. म्हणून जिवाणूत शिरायचं काम विषाणूवर न सोपवता, त्याची जनुकं विजेचा झटका देऊन बाईच आत ढकलत. लाडोबाला कडेवरून शाळेत पोचवावं तसं.

वर्षानं संस्थेच्या प्रमुखांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि खूश झाले. "काय कवच आहे! उकळत्या चहात टाका, ढिम्म हलणार नाही."

बाईंनी त्याचे थेंब जिवाणूंच्या थरावर टाकले. सकाळी थराला भोकं पडायला हवी होती. थर साईसारखा अखंड होता.

"थेंब टाकले होते ना?" प्रमुखांनी विचारलं.

"टाकले होते."

"कुठे?"

"सगळीकडे."

घोडं कुठं पेंड खातंय ते बाईंना उमगलं. जिवाणूला चिकटल्यावर कवच उघडावं लागतं, तेव्हा कुठे आतलं बाहेर पडतं. उष्णतेला दाद न देता देता उघडण्यासाठी लागणारी ऊर्जा इतकी वाढली होती, की अंगच्या उबेनं ते हलेना. आणि बाईच आत ढकलत असल्यामुळे स्वतःहून शिरायची वेळ विषाणूवर कधी आलीच नव्हती. आता विषाणू जिवाणूच्या अंगावर नुसते बसून होते, कामधाम नसलेल्या पाहुण्यांसारखे.

"पुन्हा पहिल्यापासून करू," प्रमुख म्हणाले. "आणखी एक वर्ष."

पाय कापण्याआधी दादाला सर्जननं सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. बाईंनी फोन लावला.

"दादा, विषाणू फसला."

"एवढी शिकलीस ना तू?"

"म्हणूनच फसला," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडे पाठवण्यासारखं माझ्याजवळ काही नाही रे. मला फार भीती वाटते. तू ये. माझ्याकडे राहा."

 

"वर्षभर फोन करतेस," दादा म्हणाला. "जखम केवढी आहे विचारतेस, तिकडे ऊन किती आहे विचारतेस. ये म्हणून आज पहिल्यांदा म्हणालीस."

बाई गाड्यांचं वेळापत्रक शोधू लागल्या.

"गाडी सकाळची आहे," तो म्हणाला. "घ्यायला ये. मला चालवत नाही."