लिंबाभोवतीचं भांडण

"तो तारा इकडे दे, मला पिळायचाय," सासूबाई म्हणाल्या.

सरांनी लिंबू दिलं नाही. टेबलाच्या मधोमध ते ठेवून त्यांनी भोवती साखरेचं कडं घातलं होतं.

"स्फोट झाला की हे असं होणार," म्हणत त्यांनी गाल फुगवून जोरात फुंकर मारली. साखर सासूबाईंच्या मांडीवर गेली.

"चूक," मॅडम म्हणाल्या. "तारा काय फुंकर मारतो? तो प्रकाश टाकतो. त्या प्रकाशानं कड्याचा वेग मोडतो आणि माल आत घसरतो. तुला कितीदा सांगायचं?"

एरवी त्या नवऱ्याला अहो म्हणत. पण दोघं एकाच वर्गात शिकलेली, त्यामुळे ताऱ्याचा विषय निघाला की अहोचं तू होई. सासूबाई तेवढ्यावरून ओळखत, की आता जेवण गार होणार.

सर आणि मॅडम ही खगोल संशोधन संस्थेतली नावं. दोघांच्या अभ्यासाचा तारा एकच. मरून आकसलेला, आकारानं शहराएवढा, वजनानं सूर्याहून जड. शेजारच्या ताऱ्याचा वायू तो स्वतःकडे ओढी. तो वायू आधी भोवती चकतीसारखा फिरे, मग थोडाथोडा अंगावर उतरून साचे आणि कधीतरी सगळाच्या सगळा एकदम पेटे. काही सेकंद क्ष-किरणांचा लोट, मग पुन्हा शांत. त्या काही सेकंदांत चकतीचं काय होतं, यावरून दोघांची लग्नाआधीपासून जुंपलेली. त्यांची मुलगी बोलायला लागली तेव्हा आई, बाबा यांनंतरचा तिचा शब्द 'चूक' हा होता.

शेवटी उपग्रहावरची दुर्बीण त्या ताऱ्याकडे वळवायला परवानगी मिळाली. दोघं दिवसरात्र फोन उशाशी घेऊन बसले, आणि स्फोट झाला तो नेमका सर दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडून पडलेले असताना. बाहेर बसलेल्या मॅडमना संस्थेतून फोन आला. त्या थेट आत शिरल्या.

"झाला स्फोट."

सरांनी घशातून आवाज काढला.

"कुठे?" डॉक्टर दचकले.

"लांब आहे. तुमचं चालू द्या."

पुढचे काही दिवस मॅडम आकड्यांत बुडून गेल्या. उत्तर आलं तेव्हा त्यांनी ते पहिल्यापासून पुन्हा काढलं. तेच आलं. मग आलेख घेऊन त्या सरांच्या खोलीत गेल्या.

सरांनी तो बराच वेळ पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दुर्बिणीची खोट हिशेबात धरलीस?"

"धरली."

"हं." त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. "आतच घसरलंय."

आता ते काहीतरी खुसपट काढतील म्हणून मॅडम थांबून राहिल्या. त्यांनी काढलं नाही.

संस्थेच्या सभागृहात निकाल सांगायचा होता, त्या दिवशी आधी सर उठले. "या हॉलमध्ये मी इतकी वर्षं जे सांगत आलो, ते चूक होतं. बरोबर काय, ते या सांगतील." एवढं बोलून ते पहिल्या रांगेत बसले. मॅडमचं बोलून झाल्यावर एका नव्या संशोधकानं हरकत घेतली. ती सरांचीच जुनी हरकत होती, शब्दसुद्धा तेच. मॅडमनी तोंड उघडायच्या आत सर मागे वळले आणि त्यांनी ती खोडून काढली, मुद्द्यामागून मुद्दा, इतकी स्वच्छ की मॅडमना स्वतःला तशी कधी खोडता आली नव्हती. मॅडमच्या मनात आलं, म्हणजे हा इतकी वर्षं नीट ऐकत होता तर.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर कोणी काही बोलेना. सासूबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"अबोला धरलाय का रे?"

"नाही गं आई. मिटलं."

"काय मिटलं?"

"भांडण."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "मग आता काय करणार तुम्ही दोघं?"

मॅडमनी घसा साफ केला. "तसं एका स्फोटावरून काही ठरत नाही म्हणा. पुढचा वेगळा निघू शकतो."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"छे," सर हसून म्हणाले. "तुझंच बरोबर होतं."

ते उठले. स्वतःचं ताट उचललं, त्यावर मॅडमचं ठेवलं आणि आत गेले. मॅडमचं जेवण अजून व्हायचं होतं. आत नळ सुरू झाला.