मास्तरांचे ग्रेसमार्क

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, पण आकडा अजून चोख सांगतो. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या व्यायामशाळेत मिरवीन. नशिबात होते मास्तर.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे, हृदय थकलेलं. अशा म्हाताऱ्या माणसांसाठी एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. तिच्यात त्यांनी हौसेनं नाव दिलं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. हृदय दमलं की अंगात पाणी साठतं आणि वजन वाढतं, म्हणून मला त्यांच्या घरी धाडलं.

रोज सकाळी मास्तर माझ्यावर उभे राहत. त्यांच्या पत्नी, काकू, खाली वाकून आकडा वाचत आणि वहीत लिहीत. "शाब्बास रे पठ्ठ्या!" असं मास्तर मला म्हणत. मला ते फार आवडायचे.

पण एका आठवड्यात आकडा चढू लागला. तेव्हा मास्तरांनी शेजारच्या ठेंगण्या कपाटावर हळूच हात टेकला. पुढे रोज थोडा जास्त जोर. वहीत वजन जागच्या जागी, आणि इकडे चपला पायांत शिरेनात. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

मग तपासणीला सिस्टर आल्या. त्यांनी सुजलेले पाय पाहिले, वही पाहिली, आणि कपाटावरच्या धुळीत उमटलेला पंजाही.

"मास्तर, हा हात कोणाचा?"

मास्तरांनी मान खाली घातली. "तुम्ही सगळे एवढी धडपड करता. माझ्यामुळे औषध नापास नको व्हायला. म्हणून थोडे ग्रेसमार्क दिले."

"अहो, जिवाशी खेळ झाला ना हा!" काकूंना रडू फुटलं.

"हात सोडून उभे राहा," सिस्टर म्हणाल्या. मी खरं ते दाखवलं. चार किलो जास्त! त्याच दुपारी त्यांना दवाखान्यात नेलं. आठ दिवस मी धूळ खात त्यांची वाट पाहिली.

ते परत आले आणि त्यानंतर रोज हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

चाचणी संपल्यावर कळलं, मास्तरांची गोळी बिनऔषधाची होती. म्हणजे ग्रेसमार्क भलत्याच गोळीला मिळत होते आणि खरं औषध तिच्यापुढे फिकं पडलं असतं. मास्तर डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग त्यांनी आपल्या पंच्यानं माझी काच पुसली.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस "मी ठणठणीत आहे" म्हणालं, तर त्याचा हात कुठे टेकलाय, ते एकदा बघा.