तिसरी प्लेट

"तिसरी कुठे गेली?" घासूनाना एवढ्या मोठ्यानं ओरडले, की स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोच्या हातातला डाव खाली पडला.

"कोण तिसरी?" ती आतूनच म्हणाली.

"प्लेट! तिसरी प्लेट! उडवली त्या शहाण्या बाईनं!"

नाना यंत्रांच्या कारखान्यातले फिटर. बिडाची प्लेट हातानं खरवडून खरवडून अशी सपाट करायचे, की तिच्यावर ठेवलेल्या पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा जाऊ नये. त्यावरून नाव पडलं घासूनाना. आता कारखाना पाडून तिथे गाड्या उभ्या करतात, नि हातानं खरवडणारं गावात कोणी उरलेलं नाही.

म्हणून तर संग्रहालयाचं पत्र आलं तेव्हा नानांची छाती फुगली होती. उद्या सगळं बुडालं, तर उरलेल्या माणसांना पहिल्यापासून सुरुवात करता यावी म्हणून संग्रहालय मातीच्या पाट्या भाजून जमिनीखाली ठेवणार होतं. साबण कसा करायचा, चुना कसा भाजायचा, जखम कशी शिवायची. एका पाटीवर नव्वद शब्द. नानांच्या वाट्याला आली होती 'सपाट पृष्ठभाग'. शेवटी एक ओळ सांगणाऱ्यासाठी होती: नाव, हुद्दा, कारखाना. ती ओळ नानांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली होती.

मजकूर त्यांनी आपल्या जुन्या सोबत्याबरोबर, लेथवरच्या टर्नरबरोबर बसून लिहिला. दोघांनी तो अकरा वेळा तपासला. बायकोनं एकदा विचारलं होतं, "मला वाचून दाखवा की." तर नाना म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

आणि आज संपादकबाईंकडून आलेला हा छापील कागद. 'दोन प्लेटा एकमेकींवर घासून सपाट कराव्यात.' दोन! खाली टीप: पाट्या आज चारला भट्टीत जातील.

नानांनी पिशवीत शिकाऊ पोरांना चूक दाखवायच्या दोन छोट्या प्लेटा नि पोलादी पट्टी टाकली नि चपला चढवल्या. पिशवी जड, नानांचा गुडघा अधू, म्हणून बायकोही निघाली. वाटेत नाना एकटेच बोलत होते. ती नुसती हं हं करत होती.

तळघरात ओल्या मातीच्या पाट्या फळ्यांवर मांडलेल्या होत्या. संपादकबाई एका पाटीवर वाकून अक्षरं कोरत होत्या. पलीकडच्या दोन पाट्यांवर बुद्धिबळाचे नियम होते. ते बघूनच नानांचं डोकं सणकलं.

"घोडा अडीच घरं जातो याला दोन पाट्या, नि माझी तिसरी प्लेट तुम्हाला जड झाली?"

"नाना, तो समितीचा निर्णय आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि तिसऱ्या प्लेटेला एकोणीस शब्द जात होते. दोन एकमेकींवर घासल्या की सपाट होतातच ना? मग तिसरी कशाला?"

नानांनी कपाळावर हात मारून घेतला. मग पिशवीतून दोन्ही प्लेटा काढून एकीवर एक ठेवल्या. "उचला वरची."

बाईंनी वरची उचलली तर खालचीही तिला चिकटून वर आली.

"अगबाई! बघा, किती छान बसल्यात!"

"छान बसल्यात? थांबा." नानांनी प्लेटा वेगळ्या केल्या नि एकीवर पोलादी पट्टी उभी धरली. पट्टीखालून दोन्ही कडांना उजेड आत येत होता. मग दुसरीवर धरली, तर उजेड बरोबर मधोमध. "ही पोट काढून बसलीये, नि हिनं तेवढंच पोट आत घेतलंय. दोघी चुकीच्या. पण एकमेकींपुरत्या एकदम बरोबर! अशा दोघींनी जन्मभर एकमेकींना घासलं तरी चूक कळणार नाही. तिसरी आणा. ती पहिलीशी जुळवली की तिचंही पोट आत जातं. मग ही दुसरी नि ती तिसरी समोरासमोर आणा. दोघींची पोटं आत! कडा टेकतात, मध्ये पोकळ. सापडली चोरी! असं आळीपाळीनं तिघींना जुळवत नेलं, की शेवटी तिघीही सपाटच होतात, दुसरं काही होऊच शकत नाही."

बाईंनी पट्टी घेऊन दोन्हींवर स्वतः धरून पाहिली. "म्हणजे मी लिहिलंय ते वाचून..."

"ते वाचून बिचारे शंभर वर्षं वाकड्या प्लेटा करतील, नि त्यावर वाकडी यंत्रं. वर आपल्याला शिव्या देतील त्या वेगळ्याच."

"पण एकोणीस शब्द आणू कुठून?"

नानांनी पाटीच्या माथ्यावर बोट ठेवलं. तिथे समितीचं स्वागत होतं, प्रत्येक पाटीवर होतं तसं: 'हे भावी मानवा' पासून 'मनःपूर्वक शुभेच्छा' पर्यंत.

"मोजा," नाना म्हणाले.

बाईंनी मोजले. एकवीस. त्यांनी ओठ चावला, दाराकडे एकदा पाहिलं, नि कोरणीच्या चपट्या टोकानं भावी मानवाला नि खालच्या दोन प्लेटांच्या मजकुराला ओल्या मातीत पुसून टाकलं. "समितीला काय सांगायचं ते मी बघते. आता तुम्ही सगळं सलग वाचा, मी कोरते."

नानांनी खिशातून आपला मूळ कागद काढला, घसा खाकरला नि वाचायला लागले. तीन प्लेटा घ्या. त्यांना आकडे द्या. पहिलीवर दुसरी फिरवून घासा, उंचवटा खरवडा. बाई कोरत होत्या, नानांचा आवाज चढत होता. वाचता वाचता ते अगदी शेवटच्या ओळीवर, स्वतःच्या नावावर आले.

"पण उंचवटा कुठला, ते कसं कळायचं?" बायको म्हणाली. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"म्हणजे काय? निळ्या रंगावरून! एकीला निळा लावायचा, दुसरीवर फिरवायची. जिथे डाग उठतो तो उंचवटा. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं!"

"मग ते लिहिलंय कुठे?"

नानांनी कागद पाहिला. उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला. निळा रंग कुठेच नव्हता. त्यांनी लिहिला नव्हता, टर्नरनं विचारला नव्हता. अकरा वेळा दोघांनी मान डोलावली होती.

"नाही ना?" ती म्हणाली. "तुमच्या शर्टाच्या बाह्यांचं निळं चाळीस वर्षं मी धुतलंय. निघता निघायचं नाही मेलं. म्हणून म्हटलं, त्याचं नाव कसं नाही आलं?"

नानांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"निळा रंग त्यांना मिळायचा नाही," ते म्हणाले. "काजळी चालेल. लिहा बाई: एकीला तेलातली काजळी लावा, दुसरीवर डाग उठेल, तेवढंच खरवडा."

बाईंनी बोटांवर मोजलं. "नऊ शब्द, नाना. स्वागताचे दोन उरलेत, सात कमी पडतात. आता फक्त..." नि त्या थांबल्या. खाली उरली होती ती एकच ओळ.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. दाराशी भट्टीवाला येऊन उभा होता.

"बघताय काय?" नाना खेकसले. "पुसा ते नाव! नाव वाचून प्लेट सपाट होते का कधी?"

बाईंनी पुसलं. त्या जागी काजळी नि तेल आलं. पाटी फळीवरून उचलून भट्टीवाला घेऊन गेला, तोवर नाना पाठ फिरवून उभे होते.

मग ते वळले नि बायकोवर उखडले. "आणि एवढी महत्त्वाची गोष्ट तू मला आज सांगतेस? आधी सांगायला तोंड शिवलं होतं का?"

तिनं एक प्लेट पिशवीत टाकली, मग दुसरी.

"आधी वाचून कधी दाखवलंत?" ती म्हणाली.