महिरपी कंसाचा पासवर्ड

जबल अलीतल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत मी माहिती-सुरक्षेचा मॅनेजर आहे. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात मी पॉलिसी लिहितो. पासवर्ड किती लांब असावा, त्यात एखादं विशेष चिन्ह असायलाच हवं, तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवू नये, वगैरे. प्रोग्रॅम आतून कसा दिसतो हे मी कॉलेजनंतर पाहिलेलं नव्हतं, आणि कॉलेजातही शेजारच्याच्याच स्क्रीनवर पाहिलं होतं.

नबिला गेल्या वर्षी माझ्या टीममध्ये आली. घर रत्नागिरीचं, शाळा शारजातली. मीटिंगमध्ये आम्ही इंग्रजी बोलतो आणि पॅन्ट्रीत मराठी. स्टाफच्या ट्रेनिंगसाठी तिने एक छोटं कोडं बनवलं. कोडं म्हणजे एक प्रोग्रॅमच. उघडला की तो पासवर्ड विचारतो, चुकला की 'राँग' म्हणतो. पासवर्ड कुणी सांगायचा नाही. प्रोग्रॅम उसवून आत बघायचं आणि आपला आपण शोधायचा. "रिव्हर्स इंजिनिअरिंगची पहिली इयत्ता," असं तिने मेलमध्ये लिहिलं होतं.

मी ते कोडं न उघडताच उत्तर पाठवलं : छान आहे, पण फार सोपं वाटतंय, लेव्हल थोडी वाढवता येईल का?

थोड्या वेळाने ती माझ्या केबिनमध्ये आली.

"सर, सोडवलंत तुम्ही?"

"अगं, बघितल्या बघितल्या कळतं."

"मग गुरुवारच्या ट्रेनिंगची सुरुवात तुम्हीच करा ना. मोठ्या स्क्रीनवर सोडवून दाखवा, म्हणजे लोकांची भीती जाईल."

मी इन्शाल्ला म्हणालो. इतकी वर्षं इथे राहून तो शब्द कधी वापरायचा हे मला चांगलं कळलेलं आहे.

शनिवारी सकाळी अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडला. सुचित्राला, म्हणजे बायकोला सांगितलं, "ऑफिसचं जरा टेक्निकल काम आहे. डिस्टर्ब करू नका." काव्याने, आमच्या मुलीने, फोनमधून डोकं वर काढलं. "डॅडी, यू? टेक्निकल?" एवढंच म्हणून ती आत गेली.

प्रोग्रॅम मी आधी नोटपॅडमध्ये उघडला. समोर जो चिखल आला तो बघून मला वाटलं लॅपटॉपच गेला. पण खाली सरकत गेलो तर त्या चिखलात काही वाचता येणारे शब्द होते. पासवर्ड विचारणारं वाक्य, 'राँग', 'करेक्ट', आणि त्यांच्यामध्ये एकटाच पडलेला एक शब्द : dibibhizb.

मला तो अरबी वाटला. इथे न कळणारी प्रत्येक गोष्ट मी अरबीच्या खात्यात टाकतो. पण अर्थ कुठलाही असो, पासवर्ड तर मिळाला होता. मी हात चोळले, शब्द टाइप केला आणि एंटर दाबलं.

राँग.

स्पेलिंग तपासून पुन्हा टाकला. कॅपिटलमध्ये टाकला. मागेपुढे जागा सोडून टाकला. प्रत्येक वेळी तेच उत्तर. शेवटी, प्रोग्रॅम पायरीपायरीने काय करतो ते दाखवणारं एक फुकटचं टूल उतरवून घेतलं आणि इंटरनेटवर ते कसं वाचायचं हे शिकवणारा एक लेख उघडला. लेखाच्या पहिल्याच ओळीत म्हटलं होतं की हे शाळकरी मुलांसाठी आहे. मी ती ओळ वर सरकवून दिसेनाशी केली.

लेख मात्र चांगला होता. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात, म्हणून प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा दिलेला असतो. a म्हणजे सत्याण्णव, b म्हणजे अठ्ठ्याण्णव, असं पुढे. हे समजल्यावर नबिलाच्या प्रोग्रॅममधली एक पायरी मला खरोखर वाचता आली : अक्षर घे, त्याच्या आकड्यात एक मिळव, मग साठवलेल्या शब्दाशी जुळतंय का बघ.

एक मिळव. मी मिळवला. कागदावर d चा e केला, i चा j केला, b चा c. z शी अडलो, कारण z नंतर अक्षरच नाही. लेखातल्या आकड्यांच्या तक्त्यात पाहिलं, तर तिथे महिरपी कंस होता. तयार झालेला शब्द असा : ejcjcij{c.

खरं तर त्या कंसावरूनच कुणालाही शंका आली असती. मला उलट खात्री पटली. पासवर्डमध्ये विशेष चिन्ह असायलाच हवं ही पॉलिसी मीच लिहिलेली, आणि पोरीने ती पाळली म्हणून मला तिचा अभिमानही वाटला.

राँग.

मी लॅपटॉप मिटला. जेवायला बसलो. सुचित्राने माशाची आमटी वाढली. "काय झालं?" असं तिने विचारलं, आणि मी सर्व्हरला दोष दिला. आमच्या घरात सर्व्हर काय असतो हे कुणी विचारत नाही.

जेवताजेवता मी मनातल्या मनात पुन्हा त्या पायरीवर गेलो. मी a टाइप केला, तर प्रोग्रॅम त्याचा b करणार आणि साठवलेल्या b शी जुळवणार. म्हणजे जिथे b साठवलाय तिथे मला a द्यायचा आहे. बेरीज तो करणार होता. मी वजाबाकी करायची होती. मी हात न धुताच कागद ओढला.

d चा c, i चा h, b चा a. पूर्ण शब्द झाला : chahaghya. मी मोठ्याने वाचला. "चॅहॅगया." हे इंग्रजी नव्हतं, आणि कंपनीतला पासवर्ड म्हणजे इंग्रजीच असणार हे मी धरूनच चाललो होतो. पुन्हा कुठेतरी चुकलो, असं मनाशी म्हणून मी कागद चुरगळायला घेतला.

सुचित्राने ताटं उचलताना तो बघितला. "चहा घ्या? आत्ता जेवून उठतोयस, चहा कोणाला देतोयस?"

मी तिच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि आमटीच्या हातानेच टाइप केलं.

करेक्ट.

इतका आनंद मला अलीकडे प्रमोशनचाही झाला नव्हता. मी प्रोग्रॅम बंद केला आणि पुन्हा उघडला, फक्त तो शब्द परत बघायला. काव्याला बोलावून दाखवला. "ओके, नाइस," ती म्हणाली आणि कीबोर्डवरची हळद पुसायला टिश्यू देऊन गेली.

सोमवारी पॅन्ट्रीत नबिला भेटली.

"सर, ते लेव्हल वाढवायचं राहिलंय. काय करू?"

"नको वाढवू," मी म्हणालो. "आणि मी तेव्हा ते उघडलंसुद्धा नव्हतं."

तिने कपात चहा ओतला. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. मेल फार लवकर आला."

मी तिला सगळं सांगितलं. अरबी, कंस, चॅहॅगया. सुचित्राचं नावही सांगितलं, पण जरा उशिरा, आधी वजाबाकीचा माझा भाग नीट सांगून झाल्यावर. कंसापाशी आल्यावर तिने कप खाली ठेवला, कारण तिला हसू आवरेना.

"सर, गुरुवारी हेच सांगा ना. जसंच्या तसं."

"मी मॅनेजर आहे, नबिला."

"म्हणूनच."

गुरुवारी मी सांगितलं. मोठ्या स्क्रीनवर आधी प्रोग्रॅममध्ये दिसलेला शब्द टाकला, मग कंसवाला. डिस्पॅचमधले लोक इतके हसले की बाहेरून कुणीतरी दार उघडून बघितलं. मग बेरीज नाही, वजाबाकी करायची एवढंच सांगून मी थांबलो आणि सगळ्यांनी आपापले लॅपटॉप जवळ ओढले. अकाउंट्समधल्या शोभनाताई, ज्या एरवी आमच्या ट्रेनिंगला विणकाम घेऊन येतात, त्यांनी हात वर करून विचारलं की वजाबाकी पहिल्या अक्षरापासून करायची की शेवटच्या.

मला उत्तर येत होतं.