मधल्या चकतीची साक्ष

मित्रांनो, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये राहणारी मी पोलरॉइडची, म्हणजे उजेड गाळणारी, जुनी, धुरकट चकती आहे. उजेड तपासून तपासून आता अगदी जीव शिणलाय.

आमचं काम एवढंच, उजेडाला विचारायचं, 'माझ्या रेषेच्या दिशेत थरथरतोस का?' हो म्हणाला तर पुढे, नाही म्हणाला तर तिथेच संपला. टेबलावर माझ्या दोघी बहिणी असायच्या, एक उभी लावलेली, एक आडवी. दोघींमधून मिळून काहीच जायचं नाही, पलीकडे मिट्ट काळोख. पोरं तर डोळासुद्धा लावायची नाहीत. सीनियरच्या जर्नलमधून 'शून्य' उतरवायची नि चहाला पळायची.

मी तिसरी, जादा. माझा खोका उंदरांनी खाल्ला, तेव्हा लॅबचे भिकनमामा हळहळले. ओरखडे नकोत म्हणून त्यांनी मला दोघींच्या मधल्या रिकाम्या स्टँडमध्ये तिरकं खोचून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा. चौघांनी न बघताच शून्य लिहिलं. मग आली इगतपुरीची संजना. ती या विषयात एकदा नापास झालेली, यंदा राहिली तर शिक्षणच सुटणार होतं. तिने डोळा लावला, तर पलीकडे उजेड! जे दिसलं तेच तिने लिहिलं.

बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक सर येताना दिसले तसं भिकनमामांनी, पसारा नको म्हणून, मला उचलून खिशात टाकलं. सरांनी पाहिलं तर काळोख. आकडे मनाने लिहितेस का, असं त्यांनी विचारलं. पोरीचा चेहरा पार उतरला. अहो, मी खिशात! मी काय बोलणार?

"सर, मध्ये अजून एक चकती होती," ती म्हणाली. "मी आकृतीत काढलीये."

खरंच, तिच्या आकृतीत आम्ही तिघी होतो.  भिकनमामांना रिटायर व्हायला दोन महिने राहिलेले, त्यात बाहेरच्या साहेबांसमोर चूक कबूल करायची. त्यांचा हात खिशात माझ्यावरच थांबला होता. शेवटी त्यांनी मला बाहेर काढलं.

"साहेब, चूक माझी. ही मी ठेवली होती."

मला परत तिरकं बसवलं आणि उजेड आला. उभीतून निघालेला उजेड आडवीला थेट 'नाही' म्हणतो. पण मध्ये मी तिरकं विचारलं, की निम्मा मला 'हो' म्हणतो आणि तिरका होऊनच निघतो. मग त्यातला थोडा आडवीतूनही सुटतो. त्याचं उत्तर आधीपासून त्याच्या पोटात तयार नसतं, ते विचारण्यावर ठरतं.

सरांनी संजनाला पूर्ण मार्क दिले आणि मी मध्ये असतानाही शून्य लिहिलेल्या त्या चौघांना परत बोलावलं.

आता हा प्रयोग कॉम्प्युटरवर दाखवतात. मी कपाटात बुरशी धरत पडलेय, तक्रार करायचंही त्राण नाही. कधी बाहेर काढलंत तर मऊ फडक्याने पुसा. आणि मित्रांनो, काय दिसलं ते लिहाल तेव्हा कसं पाहिलं तेही लिहा. त्या दिवशी संजनाकडे पुरावा म्हणून तेवढीच एक आकृती होती.